मुळ्येकाकांचे दोनशे चौदा रूल

देवदत्त मुळ्ये यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडेल, असं इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या कोणालाही वाटलं नसतं. पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते, आजोबा आणि वडील सरकारी कचेरीत, आणि हे कॉम्प्युटरवर. सकाळी साडेसातला स्कूटर काढायची, पलासियाच्या ऑफिसात जायचं, संध्याकाळी येताना भाजी आणायची. अशी बत्तीस वर्षं गेली.

चार माणसांत बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल व्हायचे. मुलाच्या, यतीनच्या लग्नात पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलायचे ठरले होते, तर हे ऐन वेळी जनरेटर बघायला म्हणून जे गेले ते जेवणं सुरू झाल्यावरच उगवले. त्यांच्या पत्नी शोभनाताई अजूनही हा किस्सा सांगतात. म्हणजे, सांगायच्या.

त्यांची कंपनी कॉलेजांच्या परीक्षांचे गुण सांभाळायची. त्यासाठी दुसऱ्या मजल्यावर एक मेनफ्रेम होता. कपाटाएवढं मोठं, जुनं, भरवशाचं यंत्र. खोली थंडगार, उन्हाळ्यातही स्वेटर घालावा लागे. पडद्यावर दिवसभर हिरव्या अक्षरांत ओळी सरकत राहायच्या. यंत्र सांगायचं, अमुक काम सुरू झालं, अमुक संपलं, इथे जागा कमी आहे, तिथे फाइल सापडत नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक नंबर असायचा आणि त्यापुढे साध्या इंग्रजीत वाक्य. सुरुवातीला देवदत्तांचं काम एवढंच होतं, की ती वाक्यं वाचायची आणि त्याप्रमाणे पुढची कळ दाबायची. माणसांशी बोलायला संकोचणाऱ्या या माणसाला हे बोलणं फार आवडलं. यंत्र उगाच टोमणे मारत नव्हतं. जे असेल तेच म्हणायचं, आणि रोज त्याच शब्दांत.

पुढे ऑटोमेशन आलं. यंत्राचे मेसेज यंत्रानेच वाचावेत आणि पुढचं काम आपलं आपण सुरू करावं, असे रूल लिहायचे होते. कोणी तयार होईना, म्हणून ते देवदत्तांच्या गळ्यात पडलं. त्यांनी सहा वर्षं खपून दोनशे चौदा रूल लिहिले. वाक्यात अमुक शब्द दिसला तर हे कर, तमुक दिसला तर ते कर. रजिस्टरात प्रत्येक रूल स्वच्छ अक्षरात उतरवलेला, समोर तारीख. त्यानंतर रविवारी आणि सणासुदीला ऑफिसात माणूस ठेवायची गरज उरली नाही.

"भिया, मुळ्येजीने मशीन को पढ़ना सिखा दिया," श्रीहरी म्हणायचा. तो शेजारच्या टेबलावरचा, खास इंदुरी. "अब घर पे भाभी को भी एक रूल लिख के दे दो. पोहा कंप्लीट, तो चाय चालू."

देवदत्त हसायचे आणि कान लाल करून पडद्याकडे वळायचे. पण त्या दिवशी घरी शोभनाताईंना ते वाक्य जसंच्या तसं सांगायचे.

मिताली देशकर अकोल्याहून आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. वडील नव्हते. आई रमाबाई आणि ती, दोघींनी राजेंद्र नगरातच, मुळ्यांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. मेनफ्रेमवर काम शिकायला हल्ली कोणी तयार नसतं. ही पोरगी मात्र पहिल्याच आठवड्यात रजिस्टर मागून घेऊन बसली आणि एकेका रूलवर विचारत सुटली. "काका, इथे तिसरा शब्दच का बघायचा? काका, ही ओळ दोनदा आली तर?" वीस वर्षांत ते रजिस्टर कोणी उघडलं नव्हतं. देवदत्तांनी त्या दिवशी डबा खाल्ला तो साडेतीनला.

हळूहळू ती घरचीच झाली. शोभनाताईंचं आणि रमाबाईंचं लोणच्यापासून दुखऱ्या गुडघ्यांपर्यंत सगळं जमलं. मिताली स्कूटरवर मागे बसून ऑफिसला जायची आणि वाटेत एवढं बोलायची की देवदत्तांना वेगळं काही बोलावं लागत नसे.

दोन वर्षं काढल्यावर एक दिवस ती चार कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"काका, रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावतो?"

"आपले रूल वाक्यावर चालतात ना, ते नंबरवर करून घेऊ या का? प्रत्येक मेसेजला नंबर आहेच. वाक्य कोणीतरी माणूसच लिहितो ना काका, त्याला वाटलं की तो बदलणार. नव्या व्हर्जनमध्ये एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर आपला रूल फसेल. नंबर ते लोक सहसा बदलत नाहीत."

देवदत्तांनी कागद पाहिले. काम चोख होतं. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा रूलांसमोर नंबर लिहिलेले होते.

"पंचवीस वर्षांत एक शब्द हललेला नाही, बेटा," ते म्हणाले. "आणि नंबर बघून काय कळतं? गाडीची नंबर प्लेट बघून आत कोण बसलंय ते कळतं का?"

"पण काका..."

"म्हणजे मी जे केलं ते सगळं चुकीचंच, असं?"

ते मोठ्याने बोलले नव्हते. त्यांना तसं बोलताच येत नसे. पण मितालीने कागद परत उचलले. पुढचे चार दिवस ते स्कूटरवर काही बोलले नाहीत आणि तीही बोलली नाही. पाचव्या दिवशी लाल दिव्याशी थांबले असताना ती मागून म्हणाली, "राहू द्या काका. तुम्ही रिटायर झाल्यावर बघू. मी ते वरती पाठवलं नाहीये." देवदत्तांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली. कागदांचं पुढे काय झालं, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी, रिटायर व्हायला पाच महिने उरले असताना, यंत्राच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. जुने रूल नव्या जागी उतरवायचे होते. देवदत्तांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डॉक्टरने पडद्याकडे बघायची मनाई केली होती. मितालीने दोन रविवार बसून सगळे रूल उतरवले. एक अक्षर बदललं नाही. काकांचं आहे, जसंच्या तसं जायला पाहिजे, असं ती म्हणाली. यंत्राच्या नियमाप्रमाणे प्रत्येक रूलखाली उतरवणाऱ्याचं नाव पडलं. मिताली देशकर, दोनशे चौदा वेळा.

नव्या व्हर्जनबरोबर बदललेल्या मेसेजची यादीही आली होती, तीस-पस्तीस पानं. ती तपासायचं काम देवदत्तांकडे होतं, कागदावर होती म्हणून. त्यांनी भिंग घेऊन पहिली दोन पानं पाहिली. यादी नंबरांच्या क्रमाने होती. आणि त्यांच्या रजिस्टरात एकही नंबर नव्हता. कोणता नंबर म्हणजे आपला कोणता रूल, हे शोधायला प्रत्येक वाक्य परत लावून बघावं लागलं असतं. डोळ्याला पाणी येत होतं. पंचवीस वर्षांत एक शब्द हललेला नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि यादीवर "पाहिले" लिहून सही केली.

त्यांच्या रूलांतला एकसष्टावा रूल असा होता. आठवड्याची गुणांची नक्कल काढून झाली की यंत्र म्हणायचं, बॅकअप कंप्लीट. ती ओळ दिसली, की मूळ फाइली पुसून पुढच्या आठवड्यासाठी जागा मोकळी करायची. नक्कल बिघडली तर यंत्र म्हणायचं, बॅकअप फेल्ड. मग रूल काही करत नसे. देवदत्तांनी त्यात फक्त "कंप्लीट" हा शब्द शोधायला सांगितलं होतं. तेवढं पुरत होतं.

नव्या व्हर्जनमध्ये कोणीतरी "फेल्ड" हा शब्द काढून टाकला. त्याजागी "नॉट कंप्लीट" घातलं.

त्या रविवारी डिस्क भरली आणि नक्कल अर्ध्यावर थांबली. यंत्राने तसं स्पष्ट सांगितलं, बॅकअप नॉट कंप्लीट. एकसष्टाव्या रूलने ओळ वाचली, त्याला "कंप्लीट" दिसलं, आणि त्याने एकवीस कॉलेजांच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण पुसून टाकले. दोन्ही मेसेजचे नंबर वेगवेगळे होते. मितालीच्या कागदावर ते वेगवेगळेच लिहिलेले असणार.

सोमवारी सकाळी हे कळलं. सतरा कॉलेजांत मूळ कागद सापडले. चार कॉलेजांत नव्हते. तिथल्या मुलांना परत परीक्षेला बसावं लागलं, त्यांनी मोर्चा काढला, फोटो पेपरात आला.

पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयातून तीन साहेब चौकशीला आले. मोठे होते ते देवेंद्रजी. शांत माणूस, आवाज चढवत नसे. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर तो रूल मोठा करून दाखवला होता आणि खाली नाव.

"ये रूल आपने डाला?" त्यांनी मितालीला विचारलं.

"हो सर. जी."

"टेस्ट किया था?"

"नॉट कंप्लीटचं नाही केलं. जी नहीं."

"बनाया किसने था?"

मिताली थांबली. तिने देवदत्तांकडे पाहिलं. ते टेबलाच्या टोकाला बसले होते आणि त्यांना माहीत होतं की ती बघते आहे. मी, एवढंच म्हणायचं होतं. रूल माझा, हिने सांगूनही मी ऐकलं नाही, आणि यादीवर सही माझी. तीन वाक्यं त्यांच्या डोक्यात तयारसुद्धा होती. पण त्यांच्या मनात आलं, की एकदा हे बोललं की बत्तीस वर्षांचं आपलं जे काही आहे, जे या एका खोलीतच आहे, ते आता या भिंतीवरच्या या एका ओळीएवढंच उरेल. कान तापले. ते समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले.

"पुराने रूल हैं सर, पहले से चले आ रहे थे," शेवटी मितालीच म्हणाली. "लेकिन चेक करना मेरा काम था."

देवेंद्रजींनी लिहून घेतलं आणि पान उलटलं. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

मितालीला राजीनामा द्यायला सांगितलं. न दिला असता तर काढून टाकलं असतं आणि तसं कागदावर आलं असतं. ती उद्यापासून येणार नाही हे देवदत्तांना श्रीहरीकडून कळलं. त्या संध्याकाळी स्कूटरवर मागे कोणी नव्हतं.

घरी त्यांनी शोभनाताईंना सगळं सांगितलं. न सांगता राहणं त्यांना जमलं नाही. शोभनाताईंनी भाजी निवडता निवडता ऐकलं.

"मग तुम्ही काय बोललात?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"मला वाटलं, ती सांगेल."

शोभनाताईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, ती कशी सांगेल? तिनं तुमच्यासाठी ते कागद दाबून ठेवले, आणि ती तुमचं नाव सांगेल?" मग जुडी परत हातात घेऊन, "तुम्ही लाजाळू आहात म्हणून मी आयुष्यभर लोकांना हसत हसत सांगत आले. मला हे माहीत नव्हतं." त्यानंतर त्यांनी जनरेटरचा किस्सा कोणाला सांगितलेला देवदत्तांनी ऐकला नाही.

आठवड्याने ते मागच्या गल्लीत गेले. सामानाचा टेम्पो उभा होता. आत खोकी भरून ठेवलेली, मिताली खुर्चीवर चढून पडद्याची दांडी काढत होती. रमाबाईंनी त्यांना बघितलं आणि एक खोकं पुढे सरकवून बसायला दिलं.

"भाऊ, बरं झालं तुम्ही आलात. ही काहीच सांगत नाही. माझ्या हातून चूक झाली, एवढंच म्हणते. तुम्ही तर तिथंच होता. खरं सांगा, माह्या पोरीनंच केलं काय हे?"

"आई, राहू दे ना," मिताली वरून म्हणाली.

देवदत्त उभे राहिले. बसून हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

"नाही. तिनं नाही केलं. माझी चूक आहे. तिनं मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

रमाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चिडल्या नाहीत. त्यांचा आवाज फक्त लहान झाला.

"मग हे तिथं सांगायचं होतं ना भाऊ. मला सांगून काय होते?"

मिताली खुर्चीवरून उतरली. तिने दांडी भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाली, "काका, मी त्या दिवशी तुमच्याकडे बघितलं ना, ते तुमचं नाव घेऊ का असं विचारायला नव्हतं. मला वाटलं, तुम्ही एकदा माझ्याकडे बघाल. बस." मग तिने टेम्पोवाल्याला हाक मारली. देवदत्त एक खोकं उचलायला वाकले तर रमाबाई म्हणाल्या, "राहू द्या. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं."

"मला सांगून काय होते", हे वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. त्यांनी देवेंद्रजींना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी ठरवलं, की निरोप समारंभाला ते साहेब येणारच आहेत, तिथे सगळ्यांसमोर बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा भाषण करायचं. महिनाभर ते आंघोळीच्या वेळी ती वाक्यं घोकत होते. बाहेर शोभनाताईंना ऐकू जायचं.

समारंभ मार्चच्या शेवटच्या दिवशी झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. श्रीहरीचं भाषण झालं. तो म्हणाला, मुळ्येजी जेवढं बोलले त्यापेक्षा जास्त आमचा प्रिंटर बोलतो, आणि सगळे हसले. मग देवदत्त माइकसमोर उभे राहिले. गळ्यात हार होता, पण वाक्य एकही चुकलं नाही.

"एकसष्टावा रूल मी लिहिला होता. मितालीने मला आधीच सांगितलं होतं, की वाक्यावर भरवसा ठेवू नका. मी ऐकलं नाही. बदललेल्या मेसेजची यादी न वाचता मी सही केली. चौकशीत मी गप्प बसलो. तिची काही चूक नव्हती. नोकरी माझी जायला पाहिजे होती."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. श्रीहरीचे डोळे भरून आले होते. "क्या आदमी है यार," तो शेजारच्याला म्हणत होता. देवेंद्रजी उठले, त्यांनी देवदत्तांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "इसको कहते हैं बड़प्पन. जाते-जाते जूनियर की गलती भी अपने सिर ले ली. हम सबको मुळ्येजी से सीखना चाहिए."

"नाही, नाही, मी खरंच..." देवदत्त म्हणाले. पण माइक आता देवेंद्रजींच्या हातात होता, आणि टाळ्या वाढल्या होत्या. "देखिए, अभी भी," देवेंद्रजी हसून म्हणाले. कचोऱ्यांच्या प्लेटा यायला लागल्या होत्या. पहिल्या रांगेत शोभनाताई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

घरी येताना राजीव गांधी चौकाशी देवदत्त म्हणाले, "मी सांगितलं."

"हो. मी ऐकलं."

"त्यांनी तसं घेतलं, त्याला मी काय करू?"

"खरं आहे," शोभनाताई म्हणाल्या. घराचं कुलूप काढताना त्या म्हणाल्या, "तिला कळवा तरी."

त्यांनी मितालीला मोबाइलवर लिहिलं. सगळ्यांसमोर सांगितलं, कोणी खरं मानलं नाही, माफ कर. एवढं लिहायला त्यांना पाऊण तास लागला. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. ते ओट्याशी उभे राहून वाचत असताना शोभनाताईंनी विचारलं, "काय म्हणते?"

"ठीक आहे काका, असं लिहिलंय."

"म्हणजे?"

देवदत्तांनी चष्मा पुसून परत वाचलं. राग असता तरी तिने एवढंच लिहिलं असतं, आणि राग नसता तरी एवढंच. त्यांनी फोन शोभनाताईंच्या हातात दिला. त्यांनीही वाचलं, आणि तो ओट्यावर पालथा ठेवला.